हेअर-एएन सिंड्रोम म्हणजे पीसीओएसच का?

आपल्या सतरा वर्षांच्या मुलीची मान व काखा काळवंडल्या आहेत, हनुवटीवर राठ केस येतात, पाळी चार-चार महिने येत नाही आणि डॉक्टरांनी ‘हेअर-एएन’ (पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, शरीराने इन्सुलिनला दाद न देणे आणि त्वचा काळी-जाड होणे, या तिन्हींच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून) असे निदान केले आहे. हे पीसीओएसच (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार) ना, असे आपण विचारले आहे. मला हेच निदान एकोणिसाव्या वर्षी झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

अनेक डॉक्टर याला पीसीओएसचाच तीव्र प्रकार मानतात, परंतु येथे सारे लक्ष इन्सुलिनकडे, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाकडे, द्यावे लागते. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडत राहते, आणि रक्तात साचलेले हे इन्सुलिन बीजांडकोशाला जास्त टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) तयार करायला लावते. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनते. त्वचेच्या पेशीही त्याच इन्सुलिनमुळे वाढतात आणि मान जाड, मखमली व काळी होते. तो मळ नव्हे. माझी मान आईने दोन वर्षे बेसन-लिंबाने, पुढे वजरीनेही घासली. कातडी सोलवटली, काळेपणा तसाच राहिला. कृपया मुलीला मान घासू देऊ नका आणि कोणी अस्वच्छ म्हटले तर तिची बाजू घ्या.

स्वादुपिंड भरपाई करत असेपर्यंत साखर नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे केवळ साखरेच्या रिपोर्टवर निश्चिंत न होता उपाशीपोटी इन्सुलिनही तपासले आहे का, ते पाहावे. मुलगी सडपातळ असेल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण सी. रोनाल्ड कान (Kahn) हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये वर्णन केलेल्या, इन्सुलिनला दाद न देण्याच्या ‘ए’ प्रकारात दोष इन्सुलिन रिसेप्टरच्या (पेशीवरील, इन्सुलिन जिथे जोडले जाते त्या प्रथिनाच्या) जनुकात असू शकतो. अशा वेळी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडेच (संप्रेरकतज्ज्ञाकडे) जावे. आवाज झपाट्याने घोगरा होत असेल किंवा टेस्टोस्टेरॉन फारच वाढलेले असेल, तर बीजांडकोश वा अधिवृक्क (अॅड्रेनल) ग्रंथीची गाठ नाही, याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

उपचारात वजन जास्त असल्यास ते कमी करणे आणि मेटफॉर्मिन, म्हणजे शरीराला इन्सुलिनला दाद द्यायला मदत करणारे औषध, हे मुख्य. गोळी जेवणासोबत घेतली की मळमळ कमी होते, हा माझा अनुभव. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी संप्रेरकाचा परिणाम रोखणारे औषध) देतात, मात्र गर्भधारणेची शक्यता असताना ते घेऊ नये. केसांत फरक दिसायला सहा महिने तरी लागतात. माझी मान इन्सुलिन उतरल्यावर हळूहळू उजळली. त्यासाठी मी एकही क्रीम लावले नव्हते.