लाल झुडूप पिवळं का पडलं?

ताई, मे महिन्यात नर्सरीत ल्युकाडेंड्रॉन नावाच्या झुडपाची लालबुंद 'सफारी सनसेट' ही जात दिसली आणि भाळून तीन झाडं आणली. आता सप्टेंबरात शेंडे मधूनच पिवळट पडलेत. रोग पडला का? कुंपणालगत अजून सहा-सात मीटर जागा उरलीय, तिथे वेगवेगळ्या रंगांची ल्युकाडेंड्रॉन लावायचीत. माती मात्र काळी, चिकट. काय काय घेऊ?
– एक वाचक, टार्नीट, मेलबर्न

रोगबिग काही नाही, झाड अगदी ठणठणीत आहे. शेंड्याला ज्या रंगीत पाकळ्या वाटतात, ती खरं तर पानंच आहेत. त्यांच्या मधोमध जे छोटं बोंड दिसतं, त्यात खरी फुलं असतात. बोंड उमलायच्या सुमाराला भोवतालच्या पानांचा लाल रंग आतून उतरतो आणि साय धरल्यासारखा पिवळसर होतो. मी मोनबल्कजवळच्या एका फुलशेतीवर नऊ वर्षं काढली. मे-जूनमध्ये पहाटे दहा-दहा दांड्यांच्या जुड्या बांधताना हीच सफारी सनसेट ओल्या विटेसारखी लाल असायची, आणि सप्टेंबरात त्याच रांगेतल्या दांड्या बाहेरून गुलाबी नि आत लोण्यासारख्या. नवीन मुलं दर वर्षी घाबरून विचारायची, म्हणून तुमचं पत्र वाचून हसू आलं. रागावू नका.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नर्सरीत दिसतो तो रंग त्या महिन्याचा. जात निवडताना वर्षभराचं बघा.

तुमच्याकडे थंडीतला लाल आहेच. त्याच्या शेजारी 'इंका गोल्ड' घ्या, दोन पुरेत. उन्हाळ्यात ती साधी हिरवी दिसते, कोणी वळूनही बघत नाही. पण गणपतीच्या दिवसांत अशी पिवळीधमक होते, कडांना जरा लाली घेऊन, की मी मखराला दुसरी फुलं आणतच नाही. दांड्या पाण्यात दोन आठवडे सहज टिकतात, फक्त पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. सफारी सनसेट आणि इंका गोल्ड या खरं तर बहिणीच: दोघींत लॉरिओलम आणि सॅलिग्नम या दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या दोन जातींचं रक्त. सफारी सनसेटचा संकर मात्र न्यूझीलंडमध्ये झाला, १९६०च्या दशकात.

टोकाला चंदेरी हवं असेल तर 'पिसा'. पानांवर बारीक रेशमी लव असते, सकाळच्या उन्हात हात फिरवून बघा. वसंतात तिला फिकट लिंबू रंगाची पानं आणि चंदेरी बोंडं येतात.

'जेस्टर' सगळ्यांना हवी असते, गुलाबी-साय-हिरवी अशी पट्ट्यापट्ट्यांची. ती सफारी सनसेटच्याच एका फांदीत आपोआप झालेला बदल आहे, म्हणून अधूनमधून मूळ पदावर जाते आणि निव्वळ हिरवा फुटवा काढते. तो दिसला की बुडापासून कापा. ठेवलात तर तोच जोमाने वाढतो आणि रंगीत भाग दाबून टाकतो. माझं मत विचाराल तर एकच लावा, दारासमोर, जिथे रोज नजर जाईल.

आता माती. तुमच्या भागातली जमीन बसाल्टची, म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानाची चुलत बहीण. पावसात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. ल्युकाडेंड्रॉन मूळची केपच्या डोंगरउतारांवरची, वाळूमिश्रित, आंबट, निकस जमिनीतली. मुळाशी पाणी साचलं की कुजव्या लागतो आणि उभं झाड आठवड्यात वाळतं. तेव्हा खड्डा करूच नका. त्या खड्ड्यात पाणी विहिरीसारखं साठतं. जमिनीवर फूट-सव्वा फूट उंचीचा लांब वरंबा करा आणि त्यावर लावा. चुना टाकू नका. आणि हे काम आता नको, एप्रिलमध्ये करा: इथला उन्हाळा डिसेंबरात, तो येण्याआधी मुळांना पाऊस मिळतो.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी मायेनं झाडांना कोंबडीखत घातलं. महिन्याभरात ल्युकाडेंड्रॉनची जुनी पानं टोकांपासून करपली. बाकीची बाग मात्र फोफावलीय! आता त्यांना सांगू कसं, आणि झाड वाचेल का?
– एक वाचक, पर्थ

सांगूच नका. माझ्याकडून हेच झालं होतं, आणि तेव्हा दोष द्यायला सासूबाईही नव्हत्या. शेजाऱ्यांनी पोतंभर कोंबडीखत फुकट दिलं, मी ओंजळी भरभरून घातलं. तीन झाडं गेली.

कारण असं: या कुळातली झाडं फॉस्फरस (स्फुरद) जवळजवळ नसलेल्या जमिनीत वाढली. तो मिळेल तेवढा शोषून घ्यायला ती वरच्या थरात बारीक मुळांचे झुपकेच्या झुपके काढतात, आणि समोर ताट भरून आलं तरी थांबायचं कसं ते त्यांना कळत नाही. कोंबडीखत, हाडांचा चुरा, सुपरफॉस्फेट, भारतात मिळतं ते डीएपी हे रासायनिक खत, सगळं वर्ज्य. डीएपीच्या पोत्यावर १८-४६-० लिहिलेलं असतं ना, त्यातला ४६ हा आकडा स्फुरदाचा.

खत दिसेल तेवढं हातानं हलकेच गोळा करा. खुरपं घालू नका, झुपके तुटतात. तुमची माती रेताड आहे, भरपूर पाणी सोडलंत तर बराच अंश खाली वाहून जाईल. शेंडे हिरवे असतील तर आशा आहे. पुढे खत घालावंसंच वाटलं तर ऑस्ट्रेलियातल्या देशी झाडांसाठी मिळतं ते, कमी फॉस्फरसचं, वर्षातून एकदा, चमचाभर. सासूबाईंना टोमॅटोचा वाफा द्या, खत तिथं सार्थकी लागेल.

ऑनलाइन 'सफारी सनसेट'चं बी मिळतंय. पुण्यात गच्चीवर लावू का?
– एक वाचक, पुणे

पैसे वाचवा. नावाची जात छाटकलमापासूनच करतात, बियांतून तशीच्या तशी उतरत नाही. शिवाय केपला पाऊस थंडीत आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे उकाडा आणि पाऊस एकत्र येतात, कुजव्याला तेच आवडतं. या कुळातलं झाड बघायचंच असेल तर पाचगणीला जा, तिथले सिल्व्हर ओक यांचेच नातलग. मी वाईची, लहानपणी त्यांच्या सावलीत डबे खाल्ले, नातं मेलबर्नला आल्यावर कळलं. गच्चीवर बोगनवेल लावा. तिचाही रंग पानांचाच असतो, आणि कुंडीत थोडी तहानलेली ठेवली की जास्त रंगते.