पेशीचक्रातली प्रथिने विभेदन (पेशीने ठरावीक प्रकारचं रूप आणि काम घेणं) आणि हालचालीत कशी येतात?

लातूरला नीटच्या वर्गात शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि मला तो फार आवडतो.

पी२७ हे प्रथिन घ्या. केंद्रकात ते विभाजन चालवणाऱ्या सायक्लिन-सीडीके या प्रथिनांच्या जोडीला चिकटून विभाजनाला ब्रेक लावतं. तेच पेशीद्रवात आलं की रो-ए नावाच्या प्रथिनाला सक्रिय होऊ देत नाही. त्यामुळे पेशीच्या आतले ताणतंतू आणि पृष्ठभागावरची पकड सैल होते, पेशी पुढे सरकू शकते. आपल्याकडचा सालगडी पेरणीला तिफण धरतो आणि ज्वारी हुरड्यात आली की माचावर राखणीला बसतो, तसंच हे. जागा बदलली की काम बदललं.

विभेदनाचं सांगायचं तर उंदराच्या गर्भाच्या मेंदूत पी२७ हे चेतापेशी घडवणाऱ्या न्यूरोजेनिन-२ या प्रथिनाला टिकवून धरतं, म्हणून पूर्वज पेशींच्या चेतापेशी होतात. यासाठी त्याला सीडीके रोखावं लागत नाही! ‘विभाजन थांबलं म्हणून विभेदन झालं’ एवढंच पाठ करू नका. स्नायूपेशींत आरबी हे प्रथिनही असंच दुहेरी काम करतं: विभाजन थांबवतं आणि विभेदनालाही हात देतं.

काही कर्करोगांत पी२७ केंद्रकाबाहेर अडकतं. मग ब्रेकही जातो आणि पेशी पसरायलाही मदत होते.