चांदवडचा रंगमहाल पहिल्यांदा बघताना

नाशिकहून आग्रा रोडने साधारण ६५ किलोमीटर. सकाळी लवकर निघा; दुपारी चौकातल्या उन्हाने डोळे दिपतात नि ओसरीतलं कोरीवकाम दिसतच नाही. वाडा अहिल्याबाई होळकरांच्या काळातला, १८व्या शतकातला. दुरुस्तीमुळे एखादा भाग बंद असू शकतो, आधी चौकशी करा.

नवखे लोक आत शिरले की थेट माडीकडे धावतात. तसं नको. चौकात उभं राहून एक खांब निवडा, एकच. खाली दगडी तळखडा म्हणजे खांबाची बैठक, त्यावर लाकडी खांब, वर हस्त म्हणजे तुळईला आधार देणारा टेकू, मग तुळई म्हणजे आडवं लाकूड. लाकूड थेट जमिनीत का रोवत नाहीत? ओल आणि वाळवी. एवढं कळलं की बाकीचा वाडा आपोआप उलगडतो.

भित्तिचित्रांना हात अजिबात नको, बोटांच्या घामातेलाने रंग खराब होतो. फ्लॅशही बंद. लाकडी कठड्याला टेकून फोटो काढू नका. वरून धडधाकट दिसणारं लाकूड आतून पोखरलेलं असू शकतं. पावसाळ्यात दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळाची चप्पल टाळा.

पेशवाई-होळकरी शैलीतले बारकावे सध्या राहू द्या. त्याआधी नाशिकच्या सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा मात्र बघून घ्या, शहरातच आहे.