ऑडिशनसाठी ॲब्सर्ड नाटकातलं स्वगत कोणतं घ्यावं?

नाशिकमध्येच ऑडिशन आहे आणि दोन मिनिटं मिळणार म्हणताय, तर बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या ॲब्सर्ड, म्हणजे जगण्यातली निरर्थकता विसंगत प्रसंगांतून दाखवणाऱ्या नाटकातलं लकी या पात्राचं भाषण टाळा. विरामचिन्हांशिवायचा तो लोंढा आधीच्या प्रसंगाशिवाय नुसता पाठांतराचा वाटतो. त्यापेक्षा सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ नाटकातला भाऊराव घ्या. मेलेला माणूस कीर्तनाच्या ढंगात स्वतःच्याच मरणाची कथा सांगतो. मराठी लय आयती मिळते, आवाजाचा पल्लाही दिसतो. फक्त विचित्र चेहरे नकोत. भाऊरावला आपलं बोलणं अगदी सरळ वाटत असतं. इथल्याच एका तालमीत एक मुलगा रिकाम्या कपावर फुंकर मारत शांतपणे चहा प्यायला. सगळे गप्प झाले होते. स्वगताऐवजी नाटकातला एखादा प्रवेश करायचा असेल तर दोनच पात्रांचा निवडा, आणि समोरचा नीट ऐकणारा हवा.