मनाली-लेहला डिझेल किती लागंल?

प्रश्न: दादा, जूनमधे नागपूरहून मनाली-लेह करतोय, फोर बाय फोर डिझेल गाडी, टाकी ५७ लिटर, हायवेला लिटरला १२ किमी देते. कॅन न्यायचा का?

उत्तर: न्याच भाऊ! मनालीच्या पुढं लाहौलात तांडी गाव लागतं, तिथल्या पंपावर पुढचा पंप ३६५ किमी अशी पाटीच प्रसिद्ध आहे, अन् घाटात, लो गिअरमधे, सामान लादून १२ विसरा, ८ धरा. रस्ता बंद होऊन मागे फिरावं लागलं तर म्हणून १०० किमी वाढवा, म्हणजे ४६५ भागिले ८, ५८ लिटर, टाकी तिथंच संपली. तांडीला फुल्ल करून वर २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन भरा, पण काठोकाठ नको, उन्हात डिझेल फुगतं. मी एकदा मेमधे गळ्यापर्यंत भरला, नागपूरजवळच्या सावनेरपर्यंतच झाकणातून पाझरून अख्खी ताडपत्री ओली. केबिनमधे तर अजिबात ठेवू नका, कॅरियरवर उभाच बांधा.