देवाने अडवलं असं म्हणण्याआधी

प्रिय बाळ,

सलाम.

तुझा मेसेज वाचला. तीन गोष्टी तू एकाखाली एक लिहिल्या आहेस. नर्सिंगच्या नोंदणीचे कागद अडकले. बाबांची अँजिओप्लास्टी झाली. पुण्याचं स्थळ आलं, मुलगा आपल्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधलाच, चांगल्या नोकरीत. आणि खाली विचारलं आहेस, "बाई, प्रभू दार बंद करतोय का?" परवा रात्री डोळे मिटून बायबल उघडलंस, बोट ठेवलंस, तिथे वंशावळ निघाली, म्हणून रडलीस.

डोंगरातल्या त्या मिशन दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात काम करायचं, हे तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापासून बोलते आहेस. पाळकांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा मी शेजारच्याच बाकावर होते. त्यामुळे प्रार्थना कर, वचन वाच, हे मी तुला सांगत बसणार नाही. मला एकच सांगायचं आहे आणि ते मी या पत्रात परत परत सांगणार आहे: अडचण म्हणजे देवाचं उत्तर नव्हे.

तू म्हणशील, प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात तर स्पष्ट लिहिलंय. आसियात वचन सांगायला पवित्र आत्म्याने पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना मना केलं, बिथुनियाकडे वळले तर तिकडेही जाऊ दिलं नाही. खरं आहे, देव अडवतो. पण तोच पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की तुमच्याकडे यायला मी एकदा नव्हे दोनदा निघालो आणि सैतानाने अडवलं. माणूस एकच, रस्ता दोन्हीकडे बंद, आणि नावं दोन वेगळी. अडचणीच्या कपाळावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं नसतं, बाळ. ते ओळखायला दुसरं काही लागतं. नुसती अडचण पुरत नाही.

आणि त्रोवसला दर्शन झाल्यावर काय झालं तेही वाच. मासेदोनियाचा माणूस स्वप्नात येऊन बोलावतो, यापेक्षा स्पष्ट खूण ती कोणती? त्या खुणेवर विश्वास ठेवून पौल आणि सीला फिलिप्पैला गेले. तिथे अंगावरचे कपडे फाडून त्यांना छड्या मारल्या आणि आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवले. तुझा हिशेब लावला तर त्या रात्री त्यांनी म्हणायला हवं होतं, आपण चुकीच्या गावाला आलो.

माझ्या बायबलमध्ये सगळ्यात जास्त खुणा असलेलं पान पहिल्या करिंथकरांसच्या शेवटच्या अध्यायाचं आहे. पौल इफिसहून लिहितो की पेंटेकॉस्टपर्यंत मी इथेच राहणार, कारण मोठं दार माझ्यासाठी उघडलं आहे, आणि विरोध करणारे पुष्कळ आहेत. एकाच वाक्यात दोन्ही. दार उघडं आहे "पण" विरोधक आहेत, असं तो म्हणत नाही. आपण मात्र उपासनेत उभं राहून साक्ष देतो, "सगळं कसं जुळून आलं, म्हणून कळलं की प्रभूची इच्छा होती." ही सवय मला आपल्या मंडळीत फार जाचते. जुळून येणं हा देवाचा शिक्का असेल तर योनाचं काय? निनवेला जा म्हणून सांगितलेला माणूस याफोच्या बंदरावर गेला, तर उलट दिशेच्या तार्शीशला जाणारं तारू तयार उभं होतं आणि भाड्याचे पैसे कनवटीला होते. सगळं जुळून आलं होतं.

पुण्याच्या स्थळाबद्दल मी एवढंच म्हणेन. मुलगा चांगला असेल, त्याच्याशी बोल. तुला काय करायचं आहे ते त्याला आधी सांग आणि तो काय म्हणतो ते ऐक. पण स्थळ आत्ताच का आलं, याचा अर्थ काढत बसू नकोस. आपल्याकडे पंचविशीच्या मुलीला स्थळं येतातच.

आता बाबांचं. इथे मला तुझा राग आला, तोही सांगते. देवाने तुला थांबवायला तुझ्या बापाच्या हृदयात गाठ अडकवली, असं तुला खरंच वाटतं? तुला निरोप पोचवायचा म्हणून तो दुसऱ्याच्या रक्तवाहिन्या बंद करतो? हे लिहिताना देवाला तू काय ठरवतेस ते जरा बघ. बाबा आजारी पडले कारण ते त्रेसष्ट वर्षांचे आहेत, त्यांना साखर आहे आणि तंबाखू त्यांनी कधी सोडली नाही. त्यांना तुझी गरज असेल तर त्यांच्यासाठी थांब. दोन महिने थांब, चार थांब. आईबापाचा मान राखणं ही देवाचीच आज्ञा आहे, त्यासाठी वेगळी खूण लागत नाही. पण थांबशील तेव्हा "बाबांसाठी थांबले" असं म्हण. "देवाने अडवलं" म्हणू नकोस. कारण तुझं आहे तर ते तुझं म्हण. आपल्या भीतीवर, आपल्या दमण्यावर देवाचं नाव घालणं म्हणजे त्याचं नाव व्यर्थ घेणंच आहे, मग ते कितीही भक्तीने घेतलेलं असो.

तू ज्या मंडळीत वाढलीस ती कशी उभी राहिली हे तुम्हा मुलांना कुणी नीट सांगत नाही. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा हुकूम आधीच काढलेला होता. ते गुपचूप जहाजाने कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना धरून परत आणलं. मग हॉलने गव्हर्नर नेपियनला पत्र लिहून सांगितलं की आम्हाला इथे राहू द्या, हा प्रश्न विवेकाचा आहे. अखेर परवानगी मिळाली. अमेरिकन मराठी मिशन तिथून सुरू झालं आणि १८३१ साली नगरला आलं. सरकारी हुकुमाएवढं बंद दार दुसरं कोणतं? तरी हॉलने ते देवाचं उत्तर मानलं नाही. नॉट मात्र दोनेक वर्षांत आजारपणामुळे मायदेशी परतला. त्यालाही मी बोल लावत नाही. शरीर थकलं म्हणून तो गेला. हॉल राहिला आणि १८२६ साली नाशकात कॉलऱ्याच्या साथीत जवळची औषधं वाटून परत येताना वाटेतच वारला. अडचणी शेवटपर्यंत सुटल्या नाहीत त्याच्या.

कधी रस्ता खरंच बंद होतो, हेही मला मान्य आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येत होतं म्हणून ते जमलं नाही. कान काही हट्टाने बरे होत नाहीत. वैद्यकीचा रस्ता संपला, पण ज्यांच्यासाठी तो धरला होता त्या बायका संपल्या नव्हत्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. १८९३ साली पुण्यात गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळी सोडून गेली. ते "नाही" असं त्यांनी वाचलं असतं तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना केडगावचा माळ कुठून मिळाला असता? कोणता रस्ता बंद झाला आणि कोणतं काम उरलं, हे वेगवेगळं लिहून काढ. तुझे कागद अडकलेत, त्यात काम संपल्याचं मला कुठे दिसत नाही.

माझं तू ऐकलं आहेस, मंडळीत अजून बोलतातच. आमचे हे पाळक होते, ऊसतोडीच्या गावात आम्ही बोर्डिंग चालवलं. दसरा-दिवाळी झाली की आईबाप मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जायचे, पोरं आमच्याकडे. एका वर्षी अनुदान थांबलं आणि त्याच उन्हाळ्यात विहिरीत पोहरा टाकला की तळाचा गाळ वर यायचा. लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळून मी ते पाणी पोरांना द्यायची. पंच आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "बाई, देवाची इच्छा दिसत नाही." मी चहा दिला आणि म्हटलं, पाणी नाही एवढंच दिसतंय. त्याच वर्षी माझ्या मुलाला पुण्याला त्याच्या आत्याकडे ठेवलं, सात वर्षांचा होता. तो तिथेच वाढला. आजही त्याला काही झालं की पहिला फोन आत्याला जातो, मला दुसऱ्या दिवशी कळतं. हे मला लागतं. प्रत्येक वेळी तितकंच लागतं.

लोक म्हणतात, बाईंनी आपलं लेकरू दुसऱ्याच्या दारात ठेवून लोकांची सांभाळली. म्हणोत. बोर्डिंगमधली एक मुलगी आज ग्रामसेविका आहे, पण म्हणून माझं बरोबर ठरलं असंही मी म्हणत नाही. कुणीच शिकलं नसतं तरी ती पोरं त्या वर्षी कुणीतरी सांभाळायचीच होती. मुलाची आठवण यायची ती माझी किंमत होती. त्यावरून कुणी मला शिकवू नये की देव मला थांबवत होता. मी तेव्हा मानलं नाही आणि आता सत्तरीत मानणार नाही.

वसईकडच्या एका फादरांनी मला कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलांचा एक नियम सांगितला होता. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं निघत नाही, पण हा नियम ठेवून घ्यावा असा आहे: मन अंधारात असताना, उजेडात केलेला निश्चय बदलायचा नाही. तू गेले तीन आठवडे दवाखान्याच्या बाकावर झोपतेस. आत्ता निश्चय मोडायची ही वेळच नाही. जायचं नाही असं ठरवायचं असेल तर तेही ठरव, पण बाबा घरी आल्यावर, चार रात्री नीट झोपल्यावर, आणि शक्य तर पाळकांसमोर, बाबांसमोर मोठ्याने बोलून. बाबांना तू अजून विचारलंच नाहीस, हे माझ्या ध्यानात आलंय.

त्या दवाखान्याच्या सुपरिंटेंडंटना पत्र लिही. नोंदणी कुठे अडली आहे, बाबांना काय झालं आहे, तू कधीपर्यंत येऊ शकशील आणि तोवर ते जागा ठेवतील का, एवढं सरळ विचार. ते नाही म्हणाले तर ते त्यांचं "नाही" असेल. मसुदा मला दाखवायला आणू नकोस. या आठवड्यातच टाक. आणि बाबांना भेटायला मी शुक्रवारी येते आहे, त्या रात्री दवाखान्यात मी थांबेन, तू घरी जाऊन झोप.

तुझी,
बाई