जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाच्या उपचारात आईवडिलांनी कशाला प्राधान्य द्यावं?

तुम्ही लिहिलंय की भावाचं बाळ चार दिवसांचं आहे, जन्मल्यावर रडलं नाही, फिट्स आल्या, आता एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे आणि डॉक्टर म्हणालेत, 'तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं त्याचा विचार करून ठेवा.' डॉक्टरांनी हे विचारलं, हेच आधी चांगलं झालं. बऱ्याच ठिकाणी सही कुठे करायची तेवढंच सांगतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं-पिणं, हालचाल अशा रोजच्या गोष्टी बाळांना जमाव्यात म्हणून थेरपी देते. अशी बाळं घरी गेल्यावर, दोन-तीन महिन्यांची झाली की माझ्याकडे येतात. त्यामुळे आत्ता कोणतं औषध द्यावं हे मी सांगणार नाही. पण त्या चार भिंतींतून बाहेर पडल्यावर आईबापांचा जीव कशात अडकतो, ते रोज बघते.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे प्रश्न दोनच: 'वाचेल ना?' आणि 'नॉर्मल होईल ना?' गंमत म्हणजे मोठमोठे अभ्याससुद्धा हे दोन प्रश्न एकत्रच मोजतात. हेलिक्स नावाचा असाच एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांतली 408 बाळं त्यात होती. मुंबईचं सायन हॉस्पिटलही होतं. बाळाचं अंग 72 तास 33 ते 34 अंश सेल्सिअसवर थंड ठेवलं तर मेंदूची हानी कमी होते का, हा प्रश्न होता. श्रीमंत देशांत हा उपचार नेहमीचा आहे आणि तो जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. आपल्याकडे 'मृत्यू किंवा मध्यम ते तीव्र अपंगत्व' या एकत्रित मापावर त्याने काही फरक पडला नाही: थंड केलेल्यांत शंभरातली 50, न केलेल्यांत 47. नुसते मृत्यू पाहिले तर थंड केलेल्यांत ते जास्त निघाले, 42 विरुद्ध 31. तेव्हा 'आमच्या गावात कूलिंगचं मशीन नव्हतं म्हणून असं झालं' ही टोचणी कुणाच्या मनात असेल, तर ती काढून टाका.

पण मला बोलायचंय ते त्या मापाबद्दल. मृत्यू आणि अपंगत्व एकाच खान्यात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया हे कधीच मान्य करणार नाहीत. चालता न येणारं पण आईला पाहून खुदकन हसणारं मूल त्यांच्या हिशेबात वेगळंच आहे. उलट काही बाप दार लोटून हळूच विचारतात, 'मॅडम, आयुष्यभर अंथरुणात दुखणं काढण्यापेक्षा...' आणि वाक्य सोडून देतात. त्यांनाही मी रागावत नाही. दोघांचं प्राधान्य वेगळं असू शकतं, एकाच घरात. ते एकमेकांना माहीत असणं गरजेचं, नाहीतर निर्णय आजोबा घेतात आणि पैसे संपले की 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून डिस्चार्ज) घेऊन बाळ घरी आणलं जातं. आईला कुणी विचारलेलंच नसतं.

मग पुढे कशाला महत्त्व येतं? सगळ्यात आधी दुधाला. मेंदूला मार बसलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड घालता येत नाही. एक पाजणं तासभर चालतं, दूध नाकातून येतं, कधी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. आई दिवसभर तेवढंच करते आणि तरी वजन वाढत नाही. आजी म्हणते बोंडल्यानं पाज, आडवं घेऊन ओत घशात. तेवढं मात्र करू देऊ नका. तोंडाने सुरक्षित पिता येणं हे माझ्या यादीत चालण्याच्या कितीतरी वर आहे, आणि जे आईबाप वर्षभर यातून गेलेत तेही तेच सांगतील. त्यानंतर येतं झोप आणि अखंड रडणं. मग फिट्स. मग आपल्याला ओळखतं का, दुखलं तर कळवतं का. चालणं पाचवं-सहावं. नातेवाईक मात्र फोनवर तेवढंच विचारतात!

म्हणून उद्याच्या राउंडला 'नॉर्मल होईल का' असं विचारू नका. त्याला कुणी प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. तुकडे करून विचारा. ही हानी सौम्य, मध्यम की तीव्र? एमआरआय कधी करणार? तो बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे करतात. मेंदूच्या खोल भागात, म्हणजे बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसमध्ये, काय दिसलं ते मुद्दाम विचारा, कारण हालचाल आणि गिळणं याचा अंदाज तिथून येतो. फिट्सचं औषध घरी जाण्याआधी बंद करता येईल का? बऱ्याच बाळांना ते पुढे लागत नाही, पण कुणी विचारत नाही म्हणून महिनोन्महिने चालू राहतं. मनाने मात्र एक डोसही चुकवू नका.

आणि वहिनी कुठे आहेत? तालुक्याच्या दवाखान्यात सिझर आणि बाळ शहरात, असंच असणार. भाऊ दोन्हीकडे धावत असेल. वहिनींना सुटी मिळताक्षणी बाळाजवळ न्या, तोवर चीक आणि दूध पिळून पाठवता येईल का ते नर्सला विचारा. नळीने का होईना, ते बाळाच्या पोटात जाऊ दे. पैशांची अडचण असेल तर आजच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची मदत मिळवून देणाऱ्या माणसाला, गाठा.

डॉक्टर म्हणाले की हानी फार तीव्र आहे, तर 'बाळाला दुखू नये, ते आईच्या कुशीत असावं' हीसुद्धा मागणीच आहे. ती उघडपणे करा. त्याने प्रयत्न सोडल्यासारखं होत नाही.

घरी आल्यावर एका गोष्टीवर डोळा ठेवा. साधारण तीन ते आठ महिन्यांच्या दरम्यान बाळ झोपेतून उठताना एकामागून एक झटक्याने पुढे वाकत असेल, हात फेकत असेल, तर घरातले म्हणतात पोटात कळ येतेय किंवा दचकतंय. ती एक वेगळ्या प्रकारची फिट असू शकते आणि तिथे एकेक दिवस महत्त्वाचा. मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाळाला घरी सोडतील त्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: कानाची तपासणी, डोक्याचा घेर आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची) तारीख. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे थेरपी मोफत मिळते. तिसऱ्या महिन्यात बाळाच्या हालचालींचा व्हिडिओ बघून जाणकार थेरपिस्ट बरंच काही सांगू शकतो, म्हणून 'काही वाटलं तर या' एवढ्यावर घरी जाऊ नका, तारीख मागून घ्या.